रिकाम्या टाकीचा धनी कोण?



गाळप हंगाम संपला की ऊसतोडीच्या टोळ्या एका रात्रीत उठतात. संध्याकाळी जिथे कोप्यांची रांग होती, तिथे सकाळी चुलीचे दगड, फाटके प्लॅस्टिक, तुटक्या चपला आणि पाचटाचे ढीग राहतात. मुकादमाचा हिशेब व्हायचा असतो, ट्रॅक्टर निघायचे असतात, लेकरे पेंगत असतात. मागे काय राहिले हे पाहायला कोणाला सवड नसते. दुसऱ्या दिवशी रानाचा मालक येतो, कचरा एका जागी लोटतो आणि काडी लावतो. आपण सगळे असेच करतो.

आपल्या एका कार्यकर्त्याने दोन हंगामांपूर्वी असाच ढीग पेटवला आणि तो विहिरीकडे वळला. दहा-पंधरा मिनिटे झाली असतील. सुरुंग उडावा तसा आवाज झाला. परत येऊन पाहतो तर ढीग विस्कटून पेटती पाचट चहूकडे पसरलेली, आणि पत्र्याचा एक तुकडा बांधावरच्या बाभळीच्या खोडात रुतून बसलेला. त्याच बांधावरून त्याची सून थोड्या वेळापूर्वी घागर घेऊन गेली होती. कोणाला खरचटलेसुद्धा नाही, म्हणून ही गोष्ट कोणत्या वर्तमानपत्रात आली नाही.

राखेत टाकीचे बूड आणि पितळी वॉल्व्ह सापडला. दोन-तीन किलो गॅस मावणारी, वरच बर्नर बसवायची छोटी टाकी होती ती. तिच्यावर कंपनीचे नाव नाही, तपासणीची तारीख नाही. वॉल्व्ह बिघडला म्हणून कोणीतरी ती टाकून दिली असणार. आणि वॉल्व्ह बिघडला म्हणूनच आतला गॅस आत राहिला.

आमचा हा कार्यकर्ता चिकाटीचा. त्याने मुकादमाला फोन लावला. मुकादम म्हणाला, 'आमच्या टोळीत असली टाकी कोणाकडे नव्हती.' कारखान्याच्या शेतकी खात्यात गेला. तिथले साहेब म्हणाले, 'मजुरांचे सामान मजुरांचे, कारखान्याचा काय संबंध?' गॅसच्या एजन्सीवर तुकडा घेऊन गेला. तिथे सांगितले, 'ही आमची टाकी नव्हे.' एकट्या भंगारवाल्याने आस्थेने चौकशी केली. त्याला बाकीचे तुकडे हवे होते.

टाकी भरलेली असते तेव्हा तिला विकणारा असतो, विकत घेणारा असतो, चोरणारासुद्धा असतो. ती संपली, बिघडली की तिला कोणी धनी उरत नाही. या अंकात आम्हाला एवढ्याच गोष्टीबद्दल बोलायचे आहे. विषय किरकोळ वाटेल. पण ज्याच्या घरात, रानात किंवा गावच्या वेल्डिंगच्या दुकानात अशी एखादी टाकी पडून आहे त्याने शेवटपर्यंत वाचावे.

रिकामी म्हणजे किती रिकामी?

स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण. दाबाखाली त्याचे पाणी होते आणि ते टाकीत भरतात. नॉब उघडला की वरची वाफ बाहेर पडते आणि खालचे पाणी उकळून नवी वाफ तयार होते. ज्योत विझते तेव्हा टाकी संपली असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात त्या वेळी टाकीतला दाब बाहेरच्या हवेइतका झालेला असतो, म्हणून गॅस बाहेर यायचा थांबतो. टाकी तेव्हाही गॅसच्या वाफेने काठोकाठ भरलेली असते.

हिशेब करून पाहू. पाच किलो गॅसच्या टाकीत साधारण १२ लिटर पाणी मावते. ती 'रिकामी' झाली की तिच्यात १२ लिटर वाफ राहते. वजन म्हणाल तर जेमतेम दोन तोळे. पण हवेत हा गॅस शेकडा दोनच्या आसपास मिसळला तरी ते मिश्रण पेट घेऊ शकते. म्हणजे दोन तोळे गॅस दोनशे लिटरची तीन पिंपे भरतील एवढ्या हवेला पेटवायला पुरतो. वेल्डिंगवाल्याच्या टपरीत एवढी हवा कोपऱ्याकोपऱ्यात असते.

ही झाली खरोखर संपलेल्या टाकीची गोष्ट. बऱ्याच टाक्या तेवढ्याही संपलेल्या नसतात. मिश्रणातला प्रोपेन थंडीतही सहज उकळतो, तो आधी निघून जातो. मागे ब्युटेन जास्त राहतो, आणि त्याला उकळायला ऊब लागते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे छोट्या टाकीची ज्योत मंदावते आणि विझते. बाई म्हणते संपली. उन्हात ठेवली की तीच टाकी पुन्हा जागी होते. उन्हाने जागी होणारी टाकी पेटत्या पाचटात पडली तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. पुष्कळ जण सांगतात, 'आम्ही नॉब उघडून टाकी चार दिवस बाहेर ठेवली होती, सगळा गॅस उडून गेला.' गॅस थोडा थोडा बाहेर जातो तशी हवा थोडी थोडी आत येते. नुसता गॅस असतो तोवर टाकीच्या आत आग लागू शकत नाही, कारण आत हवा नसते. हवा शिरली की टाकीच्या पोटातच पेटणारे मिश्रण तयार होते. कटरची एक ठिणगी आत गेली की संपूर्ण टाकी फुटते. चार दिवस उघडी ठेवून आपण ती निर्धोक केली असे समजतो, आणि कापणाऱ्याच्या हातात अधिक धोक्याची वस्तू देतो.

वासावरही विसंबू नये. या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य घालतात. आतून गंजलेल्या जुन्या टाकीत गंजाशी संयोग होऊन हा वास मंदावतो. वास नाही म्हणजे गॅस नाही, असा निष्कर्ष काढणे चूक आहे. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड आहे. तो वर उडून जात नाही. जमिनीसरसा पसरतो आणि खड्ड्यात, पेवात, विहिरीच्या खोलीत, मोटरीच्या हौदात साचून राहतो. म्हणून टाकी भरलेली असो की रिकामी, ती जमिनीखालच्या जागेत ठेवू नये.

आपलेच उद्योग

शेतकऱ्याच्या घरात कोणतीही वस्तू वाया जात नाही. तेलाच्या डब्याचे पोहरे होतात, टायरची चप्पल होते, पिंपाची चूल होते. ही काटकसर आपल्याला परिस्थितीने शिकवली आणि तिची लाज वाटण्याचे कारण नाही. पण गॅसच्या टाकीला हा नियम लावता येत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

टाकी आडवी कापून शेगडी करतात. उभी कापून पाण्याचा बंब करतात. बूड कापून शाळेची घंटा करतात. पंक्चरच्या दुकानात हवा साठवायला वापरतात. कापताना काय होते ते वर आलेच आहे. हवा साठवण्याचे म्हणाल तर दाबलेल्या हवेबरोबर पाण्याचा अंश टाकीत जातो, बूड आतून गंजते, पत्रा पातळ होतो. बाहेरून रंग दिलेला असल्यामुळे दिसत काहीच नाही. एक दिवस नेहमीच्याच दाबाला ती फाटते आणि समोर पंक्चर काढणारा पोरगा असतो.

'आम्ही पाणी भरून कापतो, आम्हाला कधी काही झाले नाही,' असे सांगणारे कारागीर गावोगाव भेटतात. त्यांच्या कौशल्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण पाणी भरण्यासाठी आधी वॉल्व्ह काढावा लागतो, आणि तो काढण्याची झटापटच धोक्याची. टाकीच्या तळाशी तेलकट गाळ बसलेला असतो. तापवल्यावर त्याची पुन्हा वाफ होते. दहा टाक्या निभावल्या म्हणून अकरावी निभावेल असे नाही. ज्याची अकरावी निभावली नाही तो सांगायला येत नाही.

आणखी एक प्रयोग आपल्या चळवळीतल्या हुशार मुलांच्या डोक्यात वारंवार येतो: गोबरगॅस छोट्या टाकीत भरून शेतावर न्यायचा. कल्पना चांगली आहे, हिशेब मात्र जुळत नाही. स्वयंपाकाच्या गॅसचे बेताच्या दाबाला पाणी होते, म्हणून छोट्या टाकीत पाच किलो मावतो. गोबरगॅसमधला मिथेन आपल्या हवामानात कितीही दाबला तरी त्याचे पाणी होत नाही. त्यासाठी तो उणे ८२ अंशांच्या खाली न्यावा लागतो. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी दर चौरस सेंटीमीटरला साधारण १७ किलो दाबासाठी बांधलेली असते. तेवढ्या दाबाने १२ लिटरच्या टाकीत गोबरगॅस भरला तर मावेल जेमतेम दोनशे लिटर, म्हणजे घनमीटरचा पाचवा हिस्सा. चार-पाच माणसांच्या घराला दिवसाला एक घनमीटर किंवा त्याहून अधिक लागतो. एक वेळचा चहा आणि आमटी होण्यासाठी कॉम्प्रेसर लावून जीव धोक्यात घालायचा, हा व्यवहार तोट्याचा आहे. वाहनांसाठी जैविक गॅस दोनशे किलोहून अधिक दाबाने भरतात आणि त्याच्या टाक्या मुळातच वेगळ्या, जाड पोलादाच्या असतात.

मग छोट्या टाकीचा पुनर्वापर होत नाही का? होतो, पण एकच: ज्या कारखान्यात ती भरली तिथे ती परत जावी, तपासली जावी आणि पुन्हा भरून यावी. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी दहा वर्षांनी पहिल्यांदा आणि नंतर दर पाच वर्षांनी दाबाच्या चाचणीला घालावी लागते. वरच्या कड्याला जोडणाऱ्या पट्टीच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. इंग्रजी ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या तिमाहीनंतर ती टाकी चाचणीशिवाय वापरात नसावी. आज घरी गेल्यावर हे अक्षर पाहा. तारीख उलटून गेलेली टाकी एजन्सीने आणून दिली तर ती परत करण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

कायदा आहे, वाट नाही

निकामी टाकीचे काय करायचे हे कायद्याला ठाऊक नाही असे नाही. १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली केलेल्या २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांत ते लिहिलेले आहे. चाचणीत नापास झालेली किंवा गंजून वजन शेकडा पाचाहून अधिक घटलेली टाकी पुन्हा भरायची नाही. आधी ती साफ करून गॅसमुक्त झाल्याची खात्री करायची. मग ती सपाट चेपायची, किंवा असे तुकडे करायचे की ते पुन्हा जोडून टाकी होणार नाही. हे नियम पाहणारे पेसो, म्हणजे स्फोटक सुरक्षेचे केंद्रीय खाते. त्याचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे.

नियम चांगले आहेत. पण ते टाकी चाचणी केंद्रापर्यंत पोहोचली तरच लागू पडतात. कंपनीची टाकी आज ना उद्या तिथे पोहोचते, कारण प्रत्येक वेळी भरताना ती कंपनीच्या हातात जाते. बाजारात भांड्यांच्या दुकानात मिळणारी बिननावाची छोटी टाकी एकदा दुकानातून बाहेर पडली की पुन्हा कोणत्याही तपासणाऱ्याच्या हाती येत नाही. ती टपरीवर भरली जाते, टपरीवर दुरुस्त होते आणि शेवटी कोणाच्या तरी रानात किंवा भंगारात पडते. तिला परत घेणारे ठरलेले ठिकाण आमच्या तालुक्यात आम्हाला सापडले नाही. जिथे विचारले तिथे प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले.

१९९३ साली खाजगी कंपन्यांना स्वयंपाकाचा गॅस आणून विकण्याची मुभा मिळाली. मुभा मिळाली ते बरे झाले. सरकारी गॅससाठी लोक वर्षानुवर्षे यादीत नाव लावून बसत होते. पण त्यांतल्या काही कंपन्या अनामत रक्कम गोळा करून आल्या तशा गेल्या आणि त्यांच्या टाक्या लोकांच्या माळ्यावर राहिल्या. धंदा सरकारी असो की खाजगी, भरणाऱ्यावर परत घेण्याची जबाबदारी नसेल तर टाकी शेवटी गरिबाच्या दारात पडते.

टपरीवर कोण जाते आणि का?

या बिननावाच्या टाक्यांवर अधूनमधून छापे पडतात. घरगुती टाकीतून छोट्या टाकीत गॅस काढून भरणे २००० सालच्या गॅस पुरवठा आदेशाने बंद आहे. तो गुन्हा जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली येतो. चार टाक्या आणि वजनकाटा जप्त होतो, फोटो छापून येतो, आणि महिन्याभराने तीच टपरी दोन गल्ल्या सोडून सुरू होते. असे का होते, हे छापा घालणाऱ्यांनी स्वतःला विचारले पाहिजे.

ऊसतोडीची बाई पहाटे तीन-चारला उठते. फडावर जाण्याआधी तिला भाकरी थापायच्या असतात. पाचट ओले, लाकूड मिळत नाही, धुराने डोळे जातात, आणि कोपी पाचटाची असल्याने चुलीची ठिणगी म्हणजे सगळ्या बिऱ्हाडाचा घोर. तिच्या गावी घरगुती गॅसची मोठी टाकी असेलही. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली आणि २०२१ सालच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरितांना पत्त्याचा पुरावा न देता स्वतःच्या घोषणापत्रावर जोडणी देण्याची सोय झाली. ही सोय चांगली आहे. पण सहा महिन्यांत तीन-चार गावे फिरणाऱ्या टोळीच्या मागे एजन्सी फिरत नाही.

२०१३ सालापासून तेल कंपन्यांनी पाच किलोची छोटी टाकी खुल्या विक्रीला ठेवली. नुसते ओळखपत्र दाखवून ती पेट्रोल पंपावरही घेता येते, रिकामी देऊन भरलेली बदलून मिळते. एका कंपनीने २०२० साली तिचे नाव 'छोटू' ठेवले. ऊसतोड्यासाठी यापेक्षा सोयीची वस्तू नाही. मग तो ती का घेत नाही? कारण सरळ आहे. सुरुवातीला टाकीचे पैसे एकरकमी मोजावे लागतात, आणि पुढे दर किलोला भाव घरगुती टाकीपेक्षा जास्त पडतो. घरगुती गॅसवर कर ५ टक्के आणि व्यापारी गॅसवर १८ टक्के. खुल्या विक्रीची छोटी टाकी व्यापारी भावाच्या बाजूला पडते. ज्याला पक्के घर आणि कायमचा पत्ता आहे त्याला स्वस्त गॅस, आणि जो कोयता घेऊन जिल्हे पालथे घालतो त्याला महाग गॅस, असा हा न्याय आहे.

टपरीवाला पत्ता विचारत नाही. शंभर रुपये दिले तर शंभराचा गॅस देतो. उचलीच्या पैशांत हंगाम काढणाऱ्याला हेच परवडते. वजनात तो फसवतो, टाकी धोक्याची असते, हे घेणाऱ्याला कळत नाही असे समजू नका. त्याला सगळे कळते. दुसरी वाट त्याच्या खिशात बसत नाही. एकाच वस्तूचे दोन भाव ठेवले की मधल्या फटीत काळा बाजार उभा राहतो, हे आपण साखरेत पाहिले, रॉकेलमध्ये पाहिले. गॅसमध्ये फरक एवढाच की ही फट पेट घेते.

आणि पेट घेतल्यावर भरपाई कोण देणार? अधिकृत ग्राहकाच्या घरी गॅसचा अपघात झाला तर तेल कंपन्यांनी उतरवलेला विमा असतो. टपरीवर भरलेल्या बिननावाच्या टाकीने कोपी जळाली तर दावा कोणाच्या नावाने लावायचा? ना पावती, ना नंबर, ना ग्राहक क्रमांक. उलट बेकायदा गॅस वापरला म्हणून जळालेल्यावरच कलम लागायची धास्ती.

हे फक्त गरिबांच्या मुलखात घडते असेही नाही. अमेरिकेत सहलीला नेण्याच्या एक पौंडी प्रोपेनच्या टाक्या एकदा वापरून फेकून द्यायच्या असतात. त्या कचऱ्यात जातात, आणि कचरा दाबणाऱ्या यंत्रांना व माणसांना त्यांचा धोका होतो. म्हणून कॅलिफोर्निया राज्याने २०२२ साली कायदा केला, की १ जानेवारी २०२८ पासून एकदाच वापरायच्या अशा टाक्या तिथे विकता येणार नाहीत. पुन्हा भरता येतील अशाच विकायच्या. फेकण्याची टाकी स्वस्त दिसते, कारण तिच्या विल्हेवाटीचा खर्च विकणाऱ्याच्या वहीत लिहिलेला नसतो. तो खर्च तिथे नगरपालिका सोसते, इथे आपण सोसतो.

आज घरी गेल्यावर

बैठकीहून परत गेल्यावर प्रत्येकाने आपले घर, गोठा, मळ्यातली खोली आणि कोप्यांची जागा पाहावी.

१. कंपनीचे नाव असलेली घरगुती टाकी तुमच्या मालकीची नसते. ती अनामतीवर वापरायला दिलेली असते. जादा किंवा निकामी झाली असेल तर ती भंगारात विकू नका. एजन्सीला परत करा आणि जोडणीच्या कागदावर लिहिलेली अनामत परत मागा. कागद हरवला असेल तर तसे लिहून द्या, पण टाकी घरात ठेवू नका.

२. पाच किलोची खुल्या विक्रीची टाकी त्याच कंपनीच्या एजन्सीवर किंवा पंपावर परत करा. परत करताना काय रक्कम मिळते ते विचारा आणि पावती घ्या.

३. बिननावाची टाकी आढळली तर तिला लाथ मारू नका, हलवून पाहू नका, नॉब उघडू नका, वॉल्व्ह काढू नका. वास किंवा फुसफुस नसेल तरच ती उभी, सावलीत, उघड्या हवेत, घरापासून आणि पाचटापासून लांब ठेवा. तहसीलच्या पुरवठा शाखेला आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवा आणि अर्जावर पोच घ्या. पोच महत्त्वाची आहे. उद्या प्रश्न विचारायला तोच कागद लागेल.

४. वास येत असेल किंवा फुसफुस ऐकू येत असेल तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला सरका. विडी, काडी, मोटरीचे बटण, काही लावू नका. गॅसगळतीसाठी १९०६ हा फोन नंबर दिवसरात्र चालतो.

५. रिकाम्या टाकीवर सुरक्षा टोपी लावूनच ठेवा आणि न्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सामानाखाली आडवी टाकू नका.

६. कचऱ्याचा किंवा पाचटाचा ढीग काठीने उलथून पाहिल्याशिवाय पेटवू नका. पाचट पेटवायचेच कशाला, ते रानात कुजवावे, हे आम्ही पूर्वीही लिहिले आहे. आता त्याला आणखी एक कारण मिळाले.

७. गावातल्या वेल्डिंगवाल्याला आणि भंगारवाल्याला हे पान वाचून दाखवा. त्यांच्याकडे कामाला असलेली पोरे आपलीच आहेत.

जिल्हा बैठकीपुढचा ठराव

घरोघरी काळजी घेऊन एवढे साधेल. बाकीचे मागून घ्यावे लागेल. म्हणून पुढील मागण्या बैठकीपुढे ठेवत आहोत.

पहिली मागणी तेल कंपन्यांकडे आहे. छोटी टाकी कोणत्याही स्थितीत आली तरी परत घेतली पाहिजे, आणि रिकाम्या टाकीला भंगारापेक्षा जास्त भाव दिला पाहिजे. भंगारवाला दोन पैसे देतो आणि कंपनी काही देत नाही, असे असेल तोवर टाकी भंगारातच जाणार. उपदेशाची पत्रके छापण्यापेक्षा हा खर्च कमी येईल.

दुसरी मागणी सरकारकडे. पाच किलोच्या टाकीचा किलोमागचा भाव घरगुती टाकीच्या किलोमागच्या भावाबरोबर आणावा, आणि कर दोहोंना एकच लावावा. आम्ही खैरात मागत नाही. एका वस्तूला एक भाव ठेवा, एवढेच म्हणतो. टपऱ्या बंद करायला पोलिसांपेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

तिसरी मागणी साखर कारखान्यांकडे. अनेक कारखान्यांच्या आवारात स्वतःचे पेट्रोल पंप आहेत. हंगामात तिथे छोट्या टाकीची अदलाबदल सुरू करावी. टाकीची सुरुवातीची रक्कम कारखान्याने अनामत म्हणून भरावी आणि टोळीचा शेवटचा हिशेब होतो त्या दिवशी टाकी परत घेऊन ती वळती करावी. हिशेबाच्या दिवशी प्रत्येक टोळी हजर असते. टाक्या गोळा करायला त्याहून चांगला दिवस नाही.

चौथी मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे. हंगाम संपताना प्रत्येक कारखान्याच्या क्षेत्रात एक दिवस ठरवावा. त्या दिवशी बिननावाच्या टाक्या आणून देणाऱ्याला 'कुठून आणली' असे विचारू नये आणि त्याच्यावर गुन्हा नोंदवू नये. गोळा झालेल्या टाक्या पेसोच्या देखरेखीखाली गॅस भरण्याच्या प्रकल्पात नेऊन नियमाप्रमाणे चेपाव्यात. गुन्ह्याची भीती घातली तर टाक्या विहिरीत आणि ओढ्यात जातील.

यांतली एकही मागणी अशक्य कोटीतली नाही. नवीन कायदा लागत नाही, परदेशी यंत्र लागत नाही. आज कोणी धनी नाही त्या टाकीला धनी ठरवून द्यायचा आहे, इतकेच.

बाभळीच्या खोडात रुतलेला तो तुकडा आमच्या कार्यकर्त्याने काढलेला नाही. तो म्हणतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे. जिल्हा बैठकीला येताना त्याने टाकीचे बूड मात्र पिशवीत घालून आणायचे कबूल केले आहे. ते टेबलावर ठेवून ठराव मांडू. कारखान्याचे आणि एजन्सीचे प्रतिनिधी येतील त्यांना एकच प्रश्न विचारू: ही टाकी तुमची नाही हे कळले, मग ती परत कोणी घ्यायची ते सांगा.

पुढच्या हंगामात टोळ्या यायच्या आत आपल्याला या प्रश्नाचे उत्तर लेखी हवे आहे.